दारिनाच्या नावाचे गहू

आमच्या दोल्नी ब्रेग गावात कोणी वारलं की पाद्रीबाबाच्या आधी वेलिकाला निरोप जायचा. पाद्रीबाबा शेजारच्या गावाहून येणार, त्यांची गाडी कधी सुरू होईल याचा नेम नाही. वेलिकाचं पातेलं मात्र कायम घासून ठेवलेलं. गहू निवडायचे, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे, मंद आचेवर दाणा उकलेपर्यंत शिजवायचे, पांढऱ्या फडक्यावर पसरून सुकवायचे, मग त्यांत पिठीसाखर, अक्रोड आणि खमंग भाजलेलं पीठ. घाई केली की गहू आंबतात, आणि आंबलेले गहू मेलेल्याच्या नावाने वाटणं म्हणजे त्याला शिवी देणं. निदान वेलिकाचं मत तसं होतं, आणि तिच्या मताला कोणी आडवं जात नसे. आज ना उद्या आपलेही गहू हीच बाई शिजवणार, हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

खाणाऱ्याने काय करायचं तेही ठरलेलं. ओंजळ पुढे करायची, चमचाभर गहू घ्यायचे, तोंडात टाकायचे आणि म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." छान झालेत म्हणायचं नाही, आभार मानायचे नाहीत. ते शब्द म्हटले की घास पलीकडे पोचतो, नाही म्हटले तर ते नुसते गोड गहू. मेलेलं माणूस चाळीस दिवस घराच्या आसपासच असतं. शिजवणारी आणि पाद्रीबाबा सोडून इतर ओळखीच्या माणसांनी घास खाऊन शब्द म्हटले की ते चाळिसाव्याला आपल्या वाटेने जातं. नाही म्हटले तर कुठे जातं, हे आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही.

वेलिकाचा नवरा नदीवर नाव चालवायचा, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. धाकटी बहीण मिल्का इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली आणि जाताना आपली मुलगी हिच्या ओटीत टाकून गेली. ती दारिना. बारीक, काळीसावळी, नको तिथे नको ते विचारणारी. वेलिका तिला दिवसभर शिव्या घालायची आणि रात्री तिच्या पायांशी गरम वीट ठेवायची. अशीच माया होती तिची.

जवळच्या विदिन शहराला जाणारी सकाळची बस सरकारने बंद केली तेव्हा पोरगी शाळेत होती. आमच्याकडे माणूस गेलं की मयताचा कागद लावतात. वर फोटो, खाली नाव, दोन चांगल्या ओळी आणि शेवटी 'शोकाकुल'. फाटकावर, दुकानावर, झाडांवर, बसथांब्यावर हे कागद असतात, आणि गावात आता जित्यांपेक्षा कागदच जास्त. तर या पोरीने बसचाच फोटो लावून कागद काढला. 'आमची लाडकी सकाळची बस. दीर्घ आजाराने गेली. सुटे पैसे कधी दिले नाहीत, पण चढावर कधी मागे सरली नाही.' आणि मावशीला म्हणाली, गहू शिजव.

"बसला काय आत्मा असतो का गं?" वेलिका म्हणाली.

"तिच्यातूनच तू काकाला दवाखान्यात नेलंस ना? मग तूच सांग."

वेलिकाने गहू शिजवले. बसथांब्यावर अख्खा गाव जमला. बसचा ड्रायव्हर गेंचो, हा भला दांडगा माणूस, त्याने पहिली ओंजळ पुढे केली आणि हसत हसत म्हणाला, "देव तिला क्षमा करो." म्हणताना त्याचा आवाज फाटला, तेव्हा त्याने खोकल्याचं सोंग केलं. पुढे जगभर ज्याची चर्चा झाली त्या कामाची सुरुवात ही अशी आमच्या थांब्यावर झाली.

सोफियाला कलाशाळेत दारिनाला लाझार भेटला. उंच, वाकलेला, बोलताना अडखळणारा. ती बोलायची, तो बनवायचा. दोघांनी मिळून एकच नाव घेतलं, 'शोकाकुल'. बंद पडलेल्या टायर कारखान्याला त्यांनी मयताचा कागद लावला. आटलेल्या तळ्याला लावला. मग एका जित्याजागत्या मंत्र्याचा रबरी पुतळा करून शवपेटीत निजवला, पापणीचा केस न केस खरा वाटावा असा. म्हणे त्याची सासू हात लावून किंचाळली. पोलिसांनी दोघांना कोठडीत टाकलं, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. कोणी म्हणे थोर आहेत, कोणी म्हणे यांना चाबकाने फोडलं पाहिजे. वेलिका दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि कपाटात पोरीच्या गरम मोज्यांचे जोड वाढवत राहायची.

एकदा ते वेलिकालाही व्हिएन्नाला घेऊन गेले. पांढऱ्याशुभ्र दालनात चूल मांडली, आणि तिने तिथल्या पाहुण्यांसाठी गहू शिजवले. मोजता येणार नाहीत इतकी माणसं खाऊन गेली. कोणी गोड हसलं, कोणी कृती विचारली, कोणी आणखी मागितले. शब्द एकानेही म्हटले नाहीत. परतताना वेलिका रिकामं पातेलं मांडीवर धरून बसली होती.

"काय झालं, मावशी?"

"एवढे घास गेले कुठे, तेवढं सांग. नाव न घेता वाढलेलं ताट कोण उचलतं माहितेय तुला?"

"ल-लोकांना आवडलं पण," लाझार म्हणाला.

"तू गप रे, बांबू."

मग ते मोठं काम झालं, जे व्हायला नको होतं. दारिना स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मी मेले तर कोण रडेल?"

"मी रडेन. मग उठवून बदडेन."

"तू सोडून. बाकीचे?"

"बाकीचे कशाला रडतील? तू त्यांची कोण लागतेस?"

"तेच तर बघायचंय."

वेलिकाने आधी तोंड फिरवलं, आदळआपट केली, आणि शेवटी गहू भिजत घातले. पोरीला नाही म्हणणं तिला जमायचंच नाही. गावात कागद लागले, दारिना आणि लाझार, गाडीच्या अपघातात. दोन बंद पेट्या अंगणात आल्या. आत वाळू. गाव लोटलं. आणि खरं सांगायचं तर कोणाला वाटलं नव्हतं इतकं गाव रडलं. गेंचोची बायको त्याच वसंतात गेली होती, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी तो टोपीत तोंड खुपसून लहान पोरासारखा हुंदके देत होता. मिल्का इटलीहून बसने आली, कामावरून न विचारता उठून आली म्हणून तिची नोकरीही गेली, आणि ती पेटीवर पडून डोकं आपटत राहिली. सगळ्यांनी गहू खाल्ले, शब्द म्हटले. मग मागच्या खोलीचं दार उघडलं आणि दोघं कॅमेरा घेऊन बाहेर आले.

कोणी ओरडलं नाही. तेच वाईट होतं. मिल्काने उठून मुलीच्या थोबाडीत मारली आणि चालत रस्त्याला लागली. बाकीचे एकेक करून गेले. गेंचो शेवटी उठला.

"वेलिका, तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू माझ्या ओंजळीत गहू घातलेस."

पुढे त्या चित्रफितीला बक्षिसं मिळाली. गेंचोच्या भाच्याने कुठल्याशा परक्या शहरातून फोटो पाठवला: दुमजली भिंतीवर गेंचोचा रडणारा चेहरा, आणि खाली लोक दारूचे पेले घेऊन गप्पा मारतायत. तेव्हापासून गेंचो वेलिका दिसली की रस्ता ओलांडायचा. सगळ्या गावाने कानाला खडा लावला होता.

आणि मग एका नोव्हेंबरच्या अखेरीला दारिना खरोखर गेली. कामाच्या जागी शिडीवर उभी होती, डोक्याला हात लावला, खाली उतरून बसली, संपलं. मेंदूतली शीर फुटली म्हणे. लाझार तिला गाडीत घालून मावशीच्या दारात घेऊन आला.

"खरं सांग, लाझार," वेलिका म्हणाली. तो नुसता मान हलवत राहिला. वेलिकानेही आधी पोरीच्या पायाचा अंगठा जोरात चिमटला. मग मात्र तिने न्हाणीचं पाणी चुलीवर चढवलं.

तिने एकटीने पोरीला न्हाऊमाखू घातलं, निळा पोशाख चढवला, पाय चादरीखाली झाकले, मेणबत्ती लावली. प्रेतावरून मांजर जाऊ नये म्हणून मांजराला कोंडून ठेवलं. लोकांनी नीट बघावं म्हणून पेटी उघडी ठेवली. कागद लावले. गहू शिजवले. आणि दाराशी उभी राहिली.

लोक आले, पण कुंपणापर्यंतच. खुशीत होते. एकमेकांना कोपराने ढोसत होते. दुकानवाली स्ताम्का तर ओठ रंगवून आली होती.

"ह्या खेपेला मला नीट दिसायचंय," ती म्हणाली. "मागल्या वेळी माझं नाकच आलं होतं फक्त. कॅमेरा कुठे लपवलाय गं, त्या अक्रोडावर?"

"स्ताम्का, आत ये. हात लावून बघ तिला."

"मंत्र्यालाही लावला होता हात त्याच्या सासूने. रबर ते रबर." आणि ती अक्रोडाच्या झाडाकडे बघून गोड हसली.

वेलिकाने मिल्काला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. मग बहीण म्हणाली, "तिला सांग, आई या वेळी फसणार नाही," आणि फोन ठेवला. वेलिकाने पुन्हा लावला. पुन्हा लावला. उचललाच नाही.

शेवटी ती गेंचोच्या दारात गेली, इतक्या वर्षांनी. त्याने दार पुरतं उघडलंही नाही.

"गेंचोदादा, एक घास खा. तिला शाळेत तूच सोडायचास."

"मी तिच्यासाठी एकदा रडून मोकळा झालोय," तो म्हणाला. "एका माणसासाठी दोनदा नाही रडत कोणी."

दारिनाला मातीआड केलं ते पाद्रीबाबा, वेलिका, लाझार आणि परगावचे खड्डा खणणारे, एवढ्यांनीच. खणणाऱ्यांनी गहू खाल्ले, शब्दही पुटपुटले, पण त्यांनी पोरीला कधी पाहिलेलं नव्हतं. लाझार खायला गेला तर त्याला घास तसाच बाहेर काढावा लागला, आणि घास पोटात गेल्याशिवाय नुसते शब्द म्हणून उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी तो सोफियाला निघून गेला. ताटातले गहू तसेच राहिले. वेलिकाने ते पक्ष्यांना टाकले, आणि पक्ष्यांनीही उचलले नाहीत.

मग ते सुरू झालं.

पहिल्यांदा स्ताम्काच म्हणाली, दुकानात पाव देता देता. "तुझी दारिना काल पाण्याच्या पंपापाशी उभी होती गं. मी म्हटलं, बये, सर्दी होईल. बघेचना माझ्याकडे."

वेलिकाच्या हातून पिशवी निसटली. "काय म्हणालीस?"

"पण मानलं हं तिला. एवढा गारठा, आमच्या सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघतायत, आणि तिच्या तोंडातून काही म्हणजे काही नाही. श्वास रोखून उभी होती इतका वेळ. नट्यांना शिकवतात तसलं."

त्यानंतर रोज कोणीतरी सांगायचं. पोस्टमनला ती नदीकाठी दिसली, धुक्यात, पाण्याकडे पाठ करून. शाळेच्या रखवालदाराला जुन्या बसथांब्यावर दिसली, तो म्हणाला, माझा कुत्रा एरवी माशीवर भुंकतो, तो तिथे आडवा पडून कुईकुई करायला लागला. सगळे हसून सांगायचे. दारिना आता महिनाभर अशी गावभर फिरणार आणि मग पडद्यावर आपली बोंब होणार, याची गावाला खात्रीच होती. त्यामुळे कोणी घाबरत नव्हतं. लोक तिला हात करायचे. कोणी म्हणे, "काय गं, जेवलीस का?" ती उत्तर द्यायची नाही.

घाबरली फक्त वेलिका. आणि घाबरण्याहून वाईट म्हणजे, तिला हेवा वाटू लागला. साऱ्या गावाला दिसते, मला तेवढी दिसत नाही. ती पंपावर जाऊन उभी राहायची, हात काळेनिळे पडेपर्यंत. थांब्यावर बसायची. नदीवर जायची. पोस्टमन म्हणायचा, अगं आत्ताच तर इथे होती, आणि वेलिका जाऊन बघते तो नुसतं धुकं. काही दिवसांनी तिच्याच मनात किडा शिरला. खरंच नाटक असलं तर? अंगठा चिमटला तो रबराचा असला तर? मागल्या खेपेला मला सांगून केलं, या खेपेला मला न सांगता? ती तडक कबरीवर गेली. बर्फ पडून गेला होता, आणि कबरीवर तो गुळगुळीत, अखंड होता. ती तिथेच बसली आणि पोरीला शिव्या घालू लागली, तोंडाला येतील त्या, आणि त्यातच पहिल्यांदा तिला रडू आलं.

लाझारचा फोन आला. "मावशी, मी स-सांगतो ती गेली, तर लोक टाळ्या वाजवतात. म्हणतात आजवरचं स-सगळ्यात मोठं काम." त्याने नाक शिंकरलं. "तिला क-कोणी जाऊ देत नाहीये."

"गहू खायला लोक आणते मी," वेलिका म्हणाली. "तू नको काळजी करूस." कुठून आणणार होती, देव जाणे.

चाळिसावा जानेवारीच्या गारठ्यात आला. त्यानंतर गहू खाऊन उपयोग नसतो. वेलिकाने अंगणात टेबल मांडलं, पांढरं फडकं घातलं, गव्हाचा डोंगर करून मधोमध मेणबत्ती रोवली. सकाळ गेली. दुपार कलली. कुंपणापलीकडे माणसं येऊन उभी राहिली होती, शेवटच्या खेळाला जमतात तशी. आज दारिना बाहेर येणार अशी बोलवा होती. फाटकाच्या आत मात्र कोणी पाऊल टाकलं नाही.

मग गर्दी बाजूला झाली आणि गेंचो आत आला. रागाने लाल झाला होता.

"वेलिका, बस झालं आता. सांग तिला, संपवा म्हणावं हा तमाशा. माझ्याशी वैर असेल तर तोंडावर बोल म्हणावं. चार दिवस झाले, माझ्या फाटकाशी येऊन उभी राहते. काल मी घोंगडी घेऊन बाहेर गेलो. म्हातारा माणूस मी, मला बघवेना. एवढ्या बर्फात अनवाणी पोरगी."

वेलिकाने टेबलाची कड धरली. "अनवाणी?"

"अनवाणी. आणि बूट हातात धरलेले. काळे, नवे कोरे, वर पट्टी असलेले. मी म्हटलं, अगं घाल की ते पायात. तर नुसती बघते माझ्याकडे, जसं काही मी घालून द्यायचेत."

वेलिका खाली बसली.

"गेंचोदादा, ते बूट मी विदिनहून आणले. तिला घालायला गेले तर पाय सुजलेले, चढेनात. खूप प्रयत्न केला रे. मग तसेच चादरीखाली तिच्या पायांशी ठेवले. कोणाला सांगितलं नाही, लाझारलासुद्धा नाही, लाज वाटली मला, पोरीला अनवाणी पाठवली म्हणून. तुम्ही कोणी आत आलाच नाहीत. तुम्हाला कळणार कसं?"

गेंचो उभाच राहिला. राग ओसरला तसं त्याचं तोंड हळूहळू म्हातारं होत गेलं. त्याने टोपी काढली. कुंपणापलीकडे स्ताम्का काहीतरी बोलत होती, तीही थांबली.

"म्हणजे मी इतके दिवस..." तो म्हणाला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढे धरली. "वाढ."

वेलिकाने चमचा उचलला, गव्हात खुपसला, आणि तिथेच थांबली.

"उद्या खा," ती म्हणाली.

"उद्या एकेचाळिसावा."

"मला माहितेय. सगळ्यांना दिसली रे ती. तुला दिसली, त्या स्ताम्कालासुद्धा दिसली. मी तिला अंगाखांद्यावर वाढवली आणि मला एकदाही नाही. तू खाल्लंस की ती जाईल. एक रात्र थांब. मला एकदा बघू दे."

गेंचोने ओंजळ मागे घेतली नाही. "वेलिका," तो अगदी हळू म्हणाला, जणू झोपलेल्या माणसाशी बोलावं, "थंडी वाजतेय तिला."

वेलिकाने त्याच्याकडे पाहिलं. मग चमचा भरला आणि त्याच्या ओंजळीत रिता केला. निम्मे दाणे फडक्यावर सांडले. गेंचोने सावकाश चावून चावून गहू खाल्ले.

"देव दारिनाला क्षमा करो," तो म्हणाला, आणि तोंड झाकायला टोपी वर नेली नाही. त्याने तसंच, सगळ्यांसमोर, दुसऱ्यांदा तिच्यासाठी रडायला सुरुवात केली.

फाटक वाजलं. रखवालदार आत आला, मग पोस्टमन, मग स्ताम्का, मग मागचे सगळे, आणि टेबलासमोर ओंजळी पसरल्या गेल्या. वेलिका कोणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती. ती फाटकापलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती आणि वाढत होती, आणि मोठ्याने, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंस ना गं? सगळे आलेत. आता घाल ते बूट पायात, आणि जा."